प्रभाराचा ताळा

पाण्याच्या अहवालात अगदी शेवटी एक ओळ असते. 'आयन बॅलन्स' किंवा नुसतं 'तफावत, टक्के' असं काहीतरी तिथं छापलेलं असतं आणि पुढे एक लहानसा आकडा. सामू किती आला, टीडीएस किती, फ्लोराइड आहे का, हे लोक आवर्जून विचारतात. या आकड्याबद्दल मला नोकरीभर क्वचितच कोणी विचारलं असेल. ती ओळच नसलेले अहवाल तर ढिगानं पाहिले. वऱ्हाडातल्या विहिरी आणि कूपनलिकांचं पाणी तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आजही कोणी अहवाल दाखवायला आणला, की मी आधी तोच आकडा शोधते. नसेल तर कागद-पेन घेऊन काढते.

त्यामागचा नियम सांगायला सोपा आहे. पाण्यात विरघळलेल्या धन आयनांवरचा एकूण प्रभार आणि ऋण आयनांवरचा एकूण प्रभार सारखाच असतो. विहीर खारी असो, गोडी असो, गोठ्याशेजारची असो की डोंगरातली, यात फरक पडत नाही. शाळेत आपण 'पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं' एवढंच वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. ते किती सक्तीचं आहे हे मला कळलं ते एकदा हिशेब मांडून पाहिल्यावर. समजा, लिटरभर पाण्यात तेवीस मिलिग्रॅम सोडियमचे आयन जोडीदाराविना राहिले. म्हणजे त्यांच्या बदल्यात कुठलाही ऋण आयन त्या पाण्यात नाही. चिमटीत धरताही न येण्याएवढा लहान ऐवज. पण त्यावरचा प्रभार भरतो सुमारे ९६.५ कूलॉम. अशा दोन बाटल्या एक मीटर अंतरावर ठेवल्या, तर त्या एकमेकींना ज्या बलानं दूर लोटतील ते बल सुमारे साडेआठशे कोटी टन वजनाएवढं येतं. असं पाणी पृथ्वीवर कुठे असू शकत नाही, आणि माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर तर नाहीच नाही. म्हणून अहवालात धन बाजू आणि ऋण बाजू जुळत नसतील तर चूक पाण्याची नसते. चूक मोजणाऱ्याची असते, किंवा मोजायचं काहीतरी राहून गेलेलं असतं.

आमच्याकडे नमुना आला की त्याची विद्युतवाहकता आणि सामू आधी घ्यायचा. मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ईडीटीएनं, ब्युरेट हातात धरून, लालसर जांभळ्या रंगाचा स्वच्छ निळा होईपर्यंत. क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, विटकरी रंगाची पहिली झाक दिसली की थांबायचं. बायकार्बोनेट आम्लानं. सल्फेटला बेरियम क्लोराइड टाकून गढूळपणा मोजायचा. सोडियम आणि पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर. या शेवटच्या यंत्राचं मला फार अप्रूप होतं. मोजायचा असतो सोडियमचा आयन, पण ज्वाळेत शिरल्यावर तो इलेक्ट्रॉन परत मिळवून अणू होतो, आणि पिवळा उजेड देतो तो अणू. पाण्यात जो आयन म्हणून वावरतो तो विस्तवात आयन राहत नाही. एकच मूलद्रव्य, पण एका इलेक्ट्रॉनच्या फरकानं त्याचं वागणं किती बदलतं! अणू म्हणून सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो, आणि आयन म्हणून तो आपण रोज वरणात घालतो.

सगळे आकडे मिलिग्रॅममध्ये येतात, आणि नव्या मुलांची पहिली फसगत इथंच होते. खारपाणपट्ट्यात सहज सापडेल असा एक नमुना घेऊ. कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम ३६.५, सोडियम ४६०, पोटॅशियम ४ मिलिग्रॅम. धन बाजूचं वजन झालं सुमारे साडेपाचशे. ऋण बाजूला बायकार्बोनेट ६१०, क्लोराइड ४२६, सल्फेट १२०, नायट्रेट ३१. हे झालं जवळपास बाराशे. दुपटीहून जास्त फरक. पण वजनाची तुलना इथं निरर्थक आहे. प्रत्येक आयनाचं वजन त्याच्या सममूल्य भारानं भागायचं, म्हणजे रेणुभाराला प्रभाराच्या आकड्यानं भागून जे येतं त्यानं. कॅल्शियमवर दोन प्रभार, म्हणून त्याचा ४० न घेता २०. सोडियमवर एकच, म्हणून २३. बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.५, सल्फेटवर दोन म्हणून ४८, नायट्रेट ६२. असं भागलं की कॅल्शियम २, मॅग्नेशियम ३, सोडियम २०, पोटॅशियम ०.१, बेरीज २५.१. पलीकडे बायकार्बोनेट १०, क्लोराइड १२, सल्फेट २.५, नायट्रेट ०.५, बेरीज २५. बाराशे आणि साडेपाचशे यांची दरी बघता बघता मिटली. या एककाला मिलिइक्विव्हॅलंट म्हणतात. नाव अवघड आहे, पण ते मोजतं फक्त प्रभार. पाण्याच्या बाबतीत वजनापेक्षा प्रभारच खरं बोलतो, हे मी असंख्य वेळा पाहिलं.

आणखी एक ताळा विद्युतवाहकतेचा. वाहकतेच्या आकड्याला शंभरानं भागलं की धन आयनांची बेरीज साधारण येते. वरच्या नमुन्यात वाहकता अडीच हजाराच्या आसपास यायला हवी. माझे जुने वरिष्ठ नमुना हातात घेतल्याबरोबर हा भागाकार तोंडी करायचे आणि पेन्सिलनं कोपऱ्यात लिहून ठेवायचे. शंभरच का, हे मात्र तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचताना उलगडलं. प्रत्येक आयन पाण्यातून आपापल्या गतीनं सरकतो आणि आपल्यापुरता प्रवाह वाहून नेतो. सोडियमचा वाटा पन्नास धरला तर क्लोराइडचा शहात्तर, बायकार्बोनेटचा पंचेचाळीसच्या आत, कॅल्शियमचा साठाच्या आसपास. धनाची आणि ऋणाची कुठलीही जोडी लावा, बेरीज शंभरच्या अलीकडे-पलीकडे येते. अपवाद आम्लातल्या हायड्रोजनचा. त्याचा वाटा साडेतीनशेच्या घरात. म्हणून आम्लाचं प्रमाण जास्त असलेल्या सांडपाण्याला हा तोंडी हिशेब लागू पडत नाही.

दरवर्षी महाविद्यालयातली काही मुलं प्रशिक्षणाला यायची. बहुतेकांना संयुजेचा तक्ता तोंडपाठ असे. सल्फेट दोन, नायट्रेट एक, फॉस्फेट तीन, घडाघडा म्हणत. एका मुलीनं मात्र ब्युरेट खाली ठेवून मला सरळ विचारलं, "मॅडम, नायट्रेटवर एक ऋण प्रभार आहे असं आपण लिहितो, पण तो नेमका आहे कुणावर? नायट्रोजनवर की ऑक्सिजनवर?" मला तो प्रश्न फार आवडला. तिला मी सूत्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि मोजायला लावलं. नायट्रोजनच्या केंद्रकात सात प्रोटॉन, तीन ऑक्सिजनचे आठ-आठ करून चोवीस, एकूण एकतीस. आणि त्या सगळ्या समूहात इलेक्ट्रॉन आहेत बत्तीस. एकतीस धन, बत्तीस ऋण. एक ऋण उरला. बस, प्रभार म्हणजे एवढंच. मग तिलाच बायकार्बोनेट करायला दिलं. हायड्रोजनचा एक, कार्बनचे सहा, ऑक्सिजनचे चोवीस, पुन्हा एकतीस, आणि इलेक्ट्रॉन बत्तीस. तिनं वर पाहिलं. कार्बोनेट काढलं तर प्रोटॉन तीस, इलेक्ट्रॉन तेच बत्तीस, म्हणून प्रभार दोन. सल्फेटचे प्रोटॉन अठ्ठेचाळीस, इलेक्ट्रॉन पन्नास. अमोनियमचे अकरा आणि दहा, म्हणून एक धन. पाठ केलेला तक्ता तिनं दहा मिनिटांत स्वतः उभा केला.

तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग अजून राहिला होता. तो जादा इलेक्ट्रॉन कुणाजवळ आहे? वहीत आपण एका ऑक्सिजनशी दुहेरी बंध काढतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ऋण चिन्ह देतो. ते आपल्या लिहिण्याच्या सोयीसाठी. नायट्रेटमधले तिन्ही ऑक्सिजन नायट्रोजनपासून सारख्याच अंतरावर असतात आणि त्यांच्यात डावं-उजवं करता येत नाही. प्रभार त्या आख्ख्या आयनाचा असतो, तिन्ही ऑक्सिजनवर सारखा पसरलेला. पुस्तकात सल्फेटमधल्या गंधकाचा ऑक्सिडीकरण अंक अधिक सहा लिहिलेला असतो, आणि मुलं समजतात की गंधकावर खरोखर सहा धन प्रभार बसलेले आहेत. तसं नसतं. तो अंक इलेक्ट्रॉनच्या देवघेवीचा हिशेब ठेवण्यासाठी आपण मानलेला आहे. आयनावरचा प्रभार मात्र मानलेला नसतो. तो मोजता येतो, आणि मी रोज मोजत होते. शिक्षकांनी हे दोन आकडे पहिल्याच दिवशी वेगळे करून दाखवावेत, असं मला कळकळीनं वाटतं. बारावीपर्यंत हा गोंधळ घेऊन आलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

रेणूचीही गोष्ट यातच येते. पाण्याचा रेणू उदासीन, म्हणजे दहा प्रोटॉन आणि दहा इलेक्ट्रॉन. पण ते इलेक्ट्रॉन सारखे वाटलेले नाहीत. ऑक्सिजनकडे ओढ जास्त. रेणू सरळ रेषेत असता तर दोन्हीकडची ओढ फिटून गेली असती. तो १०४.५ अंशांत वाकलेला आहे, म्हणून एक बाजू थोडी ऋण आणि दुसरी थोडी धन राहते. एकूण प्रभार शून्य असूनही तो असा दुहेरी आहे, म्हणून मीठ पाण्यात विरघळतं. सोडियम आणि क्लोराइड यांच्यातलं आकर्षण पाण्यात हवेच्या मानानं सुमारे ऐंशी पटींनी कमी होतं. एकदा सुटले की सोडियम कुठल्या क्लोराइडचा होता याला अर्थ राहत नाही. "यात मीठ किती आणि सोडा किती ते सांगा," असं गावाकडून येणारे लोक विचारत. जुन्या काळी अहवालही तसेच लिहीत: इतकं सोडियम क्लोराइड, इतकं मॅग्नेशियम सल्फेट. पण पाण्यात यातलं काहीच जोडीनं राहत नाही. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली उप्साला विद्यापीठात हे आपल्या प्रबंधात मांडलं, तेव्हा परीक्षकांनी त्यांना खालची श्रेणी दिली होती. विरघळल्या क्षणी क्षाराचे प्रभारित तुकडे होतात, हे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना पटण्यासारखं नव्हतं. त्याच कामासाठी त्यांना १९०३ साली नोबेल मिळालं.

ताळ्यानं माझ्या हाती काय दिलं, ते सांगायचं तर एका विहिरीचं पाणी आठवतं. एका शेतकऱ्यानं ते ओलितासाठी योग्य आहे का हे बघायला आणलं होतं. ओलिताच्या नमुन्याला ठरलेल्या चाचण्या असतात, त्यांत तेव्हा नायट्रेट नव्हतं. सगळं मोजून झालं आणि बेरजा मांडल्या तर धन बाजू १८.३, ऋण बाजू १४.२. दोन्हींच्या एकत्र बेरजेच्या मानानं तफावत साडेबारा टक्क्यांवर. पाच टक्क्यांपर्यंत आम्ही चालवून घ्यायचो, त्यापुढे नाही. क्लोराइड पुन्हा केलं, तेच आलं. बायकार्बोनेट पुन्हा केलं, तेच. मग वाहकता पाहिली, ती होती अठराशेच्या किंचित खाली. म्हणजे धन बाजू बरोबर होती. ऋण बाजूलाच काहीतरी कमी होतं, आणि ते आम्ही चुकीचं मोजलेलं नव्हतं, मोजलंच नव्हतं. चार मिलिइक्विव्हॅलंटचा एक ऋण आयन त्या बाटलीत होता आणि आमच्या कागदावर नव्हता.

विहिरींच्या पाण्यात एवढ्या मोठ्या प्रमाणात लपून बसेल असा आयन एकच. चार गुणिले बासष्ट, म्हणजे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट. चाचणी करण्याआधीच हा आकडा मी वहीत लिहिला, आणि चाचणीत तो जवळजवळ तसाच आला. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची मर्यादा आहे ४५, आणि तिच्यात सवलत नाही. त्या शेतकऱ्याला फोन लावून विचारलं, विहिरीजवळ काय आहे? गोठा आणि उकिरडा, दोन्ही अगदी काठावर. पाणी पितं कोण? घरचे सगळे. घरात लहान बाळ आहे का? आहे, वरच्या दुधावर. दूध पावडर त्याच पाण्यात कालवत होते.

बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. अधिक दोनचं लोह अधिक तीन होतं, आणि मग ते ऑक्सिजन धरू शकत नाही. बाळ निळसर पडू लागतं. एका इलेक्ट्रॉनच्या फरकाची गोष्ट मी वर सोडियमबद्दल सांगितली, तीच इथं श्वासाशी येऊन भिडते. त्या घरी मी सांगितलं की बाळासाठी त्या विहिरीचं पाणी आजपासून बंद, आणि उकळून तर मुळीच वापरू नका. उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते वाढतं. त्यांनी दुसरीकडून पाणी आणायला सुरुवात केली. बाळाला काही झालं नव्हतं. त्यानंतर ओलिताच्या नमुन्यांतही नायट्रेट मोजायचं, हे आम्ही आपसांत ठरवून टाकलं.

आता याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण ताळा जुळला म्हणजे सगळं बरोबर असं मानणं धोक्याचं आहे. नमुना उन्हात दोन दिवस पडला आणि बाटलीच्या तळाशी चुन्याचा थर बसला, तर कॅल्शियम जितक्या प्रभाराचं जातं तितक्याच प्रभाराचं कार्बोनेट त्याच्याबरोबर जातं. दोन्ही बेरजा सारख्याच घटतात. ताळा उत्तम जुळतो आणि अहवाल चुकीचा असतो. फ्लोराइडचं तर विचारूच नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत ज्या फ्लोराइडनं दात आणि हाडं धरली, त्याची परवानगीची शेवटची मर्यादा आहे दीड मिलिग्रॅम. तीन मिलिग्रॅम म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, पण प्रभारात ते ०.१६ भरतं. पंचवीसच्या बेरजेत ते कुठच्या कुठे हरवतं. त्याला वेगळी चाचणीच हवी.

आणि काही अहवाल असे येत की त्यांत तफावत अगदी शून्य. एका खासगी प्रयोगशाळेचे लागोपाठ आलेले अहवाल मी पाहिले, सगळे शून्य. हातानं केलेल्या आठ-नऊ चाचण्यांच्या बेरजा दशांशापर्यंत जुळणं जवळजवळ अशक्य आहे. तिथं सोडियम मोजलंच नव्हतं. ऋण बाजूच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून जे उरलं त्याला सोडियम म्हटलं होतं. यंत्र नसेल तर तसं करून 'वजाबाकीनं काढलेलं' असं लिहावं, त्यात गैर काही नाही. मोजल्यासारखं छापणं मात्र मला कधीच सहन झालं नाही. ज्या नियमानं चूक पकडता येते तोच नियम चूक झाकायला वापरायचा, ही या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट.

हल्ली घरोघरी पेनासारखा टीडीएस मीटर आला आहे. विक्रेता येतो, पेन बुडवतो, आकडा दाखवतो आणि शुद्धीकरणाचं यंत्र विकून जातो. त्या पेनाला फक्त वाहकता कळते, म्हणजे फक्त आयन कळतात. ज्या रेणूंवर प्रभार नाही ते त्याला दिसत नाहीत. आपल्याकडच्या काळ्या दगडातून पाण्यात उतरणारी सिलिका उदासीन रूपात असते, ती त्याला दिसत नाही. साखर घाला, आकडा हलत नाही. बरीच कीटकनाशकं प्रभार नसलेली असतात. ती दिसत नाहीत. जंतू तर नाहीतच. 'टीडीएस कमी आहे, म्हणजे पाणी चांगलं' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे, आणि ते शिकलेल्या घरांतून मी सगळ्यात जास्त ऐकलं.

खारपाणपट्ट्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव तिथं गुंतला. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांचा मोठा भाग या पट्ट्यात येतो. वर काळी कसदार जमीन, खाली पाणी, आणि तरीही शेतकरी पावसाच्या भरवशावर. एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले होते, "मॅडम, चवीले तं लय खारं नाही लागत. पण दोन पाणी देले का जमीन आवयते." त्या एका वाक्यात मृदाशास्त्राचा एक आख्खा धडा आहे.

काळ्या मातीतली चिकणमाती पातळ पापुद्र्यांची बनलेली असते, आणि त्या पापुद्र्यांवर कायमचा ऋण प्रभार असतो. खनिज घडताना अधिक चारच्या सिलिकॉनच्या जागी कुठे अधिक तीनचं ॲल्युमिनियम बसलं, ॲल्युमिनियमच्या जागी कुठे अधिक दोनचं मॅग्नेशियम बसलं. प्रत्येक बदलीत एक धन प्रभार कमी पडला, आणि ती तूट दगडातच राहिली. ती भरून काढायला पापुद्र्यांच्या भोवती धन आयन येऊन चिकटतात. कॅल्शियम आलं तर त्याच्या दोन प्रभारांनी ते पापुद्र्यांना जवळ धरतं, मातीचे कण जुळून राहतात आणि मधून पाणी-हवा खेळते. सोडियम आलं तर त्याचा एकच प्रभार आणि त्या प्रभाराच्या मानानं भोवती पाण्याचं मोठं वेष्टण. पापुद्रे सुटतात, फुगतात, बारीक होऊन छिद्रं बुजवतात. ओली असताना चिखल, वाळली की कठीण. यालाच आपण चोपण म्हणतो.

वरच्या नमुन्याकडे पुन्हा बघा. टीडीएस चौदाशेच्या आसपास, फार भयंकर नाही. पण सोडियम वीस, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून पाच. शिवाय बायकार्बोनेट दहा, म्हणजे त्या पाचाच्या दुप्पट. पाणी शेतात वाळू लागलं की बायकार्बोनेट आधी कॅल्शियमला चुन्याच्या रूपात खाली बसवतं, आणि मैदानात सोडियम एकटं उरतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाऊन उरलेलं बायकार्बोनेट अडीचच्या वर गेलं की ते पाणी ओलिताला अयोग्य मानतात. इथं ते पाच आहे. त्या शेतकऱ्याच्या जिभेला जे कळलं नाही ते त्याच्या मातीला कळलं होतं. उपाय म्हणून जिप्सम देतात, त्याचं कारणही प्रभारातच आहे. कॅल्शियमचा एक आयन सोडियमचे दोन आयन हुसकावतो आणि त्यांची जागा घेतो. पण ते सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर खाली वाहून जायला चर हवेत आणि चांगला पाऊस हवा. नुसतं जिप्सम टाकून चर न काढणाऱ्यांची निराशा मी पाहिली आहे. पैसे जातात आणि सोडियम तिथंच राहतं.

याच वागण्याची उलट बाजू आपल्या प्रत्येक घरात आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची. गढूळपणा म्हणजे हेच ऋण प्रभाराचे मातीचे कण. सगळे सारख्याच प्रभाराचे, म्हणून एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धन प्रभार. तो कणांवरचा ऋण प्रभार फेडतो आणि त्यांच्या गुठळ्या होतात. प्रभार एकाचा दोन किंवा तीन झाला की हा परिणाम दुप्पट-तिप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढतो. म्हणून तेच काम मिठाच्या सोडियमकडून करून घ्यायचं तर मूठ-मूठ मीठ लागेल. गावातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या. शेतात सोडियम मातीला सोडवतं आणि हंड्यात ॲल्युमिनियम मातीला बांधतं, हे मी प्रशिक्षणाच्या मुलांना एकाच दिवशी दाखवायची. दोन काचेच्या नळ्यांत तीच काळी माती कालवायची, एकीत तुरटी टाकायची, दुसरीत खाण्याचा सोडा. अर्ध्या तासात एक नळी नितळ होते आणि दुसरी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. संयुजेचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि याला खर्चही येत नाही.

तुमच्या विहिरीचा किंवा सोसायटीच्या कूपनलिकेचा अहवाल घरात कुठेतरी पडलेला असेल, तो काढा. कॅल्शियमला २०नं भागा, मॅग्नेशियमला १२.१५नं, सोडियमला २३नं, पोटॅशियमला ३९नं, आणि बेरीज करा. कॅल्शियम-मॅग्नेशियमऐवजी नुसता कठीणपणा दिला असेल तर त्याला ५०नं भागा. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेटला ६१नं, क्लोराइडला ३५.५नं, सल्फेटला ४८नं, नायट्रेटला ६२नं. नुसती अल्कता दिली असेल तर तिलाही ५०नं. दोन बेरजांमधला फरक दोन्हींच्या एकत्र बेरजेच्या पाच टक्क्यांच्या वर गेला, तर अहवाल परत घेऊन जा आणि नमुना पुन्हा तपासायला सांगा. सोडियम किंवा नायट्रेट अहवालात नसेलच, तर ते मोजून मागा. पैसे तुम्ही भरलेले असतात, आणि पाणी तुमच्या घरातलं असतं.